वीसपैकी वीस

हरिदास शिवशरण बी. ए. झाला तेव्हा त्याच्या आईनं, पारूबाईनं, गिरणीमागच्या गल्लीत घरोघर साखर वाटली. गिरणीच्या रिळिंग खात्यात सूत गुंडाळण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. नवरा लवकर गेला, आणि एकुलत्या एका पोराला तिनं त्याच पगारावर शिकवलं. गल्ली सगळी बौद्धांची, सगळी गिरणीवर जगणारी. तिथं दिवस भोंग्यानं उगवायचा आणि भोंग्यानंच मावळायचा. अशा गल्लीतला हा पहिला पदवीधर, म्हणून त्याची पदवी त्याच्या एकट्याची राहिली नाही. कुणाचं पत्र आलं की हरिदासला हाक. रेशन कार्डावर नाव चढवायचं की हरिदासला हाक. तो वाचायचा, लिहून द्यायचा. नोकरी तेवढी मिळत नव्हती.

पंच्याहत्तर सालच्या जानेवारीत, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली आणि त्याला काम मिळालं. शहरातल्या एका शिक्षणसंस्थेनं सर्वेक्षण काढलं होतं. सोलापूरच्या वेगवेगळ्या वस्त्यांतल्या मोठ्या माणसांना जगाची किती माहिती आहे, आणि ती माहिती वय, शिक्षण, जात, मिळकत यांच्याशी कशी जोडलेली आहे, हे शोधायचं होतं. काम तीन महिन्यांचं, हुद्दा अन्वेषकाचा. हरिदासला तो शब्द फार आवडला.

सर्वेक्षणाचे प्रमुख वीरभद्रप्पा सर. पांढरा सदरा, पांढरं धोतर, कपाळावर विभूती, आणि बोलणं मोजून मापून. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या अन्वेषकांसमोर एक छापील कार्ड धरलं. वर नाव, वय, जात, शिक्षण, घरात रेडिओ आहे का, वर्तमानपत्र येतं का. खाली वीस प्रश्न.

"प्रश्न आहे तसा वाचायचा," सर म्हणाले. "उत्तर आलं तर बरोबरची खूण. नाही आलं तर फुली. उत्तर सांगायचं नाही. कुणी कितीही विचारलं तरी नाही. थर्मामीटर ताप मोजतो, औषध देत नाही. तुम्ही थर्मामीटर आहात."

मागच्या बाकावर बसलेल्या हेमावतीनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं. हेमावती बाळीवेशीतल्या लिंगायत घरातली. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडं शब्दाची पक्की. तिला अक्कलकोट नाक्याकडची कानडी बोलणाऱ्या मजुरांची वस्ती मिळाली. हरिदासला मिळाली सात रस्त्याकडची नोकरदारांची कॉलनी.

कॉलनीत काम झरझर झालं. बैठकीत बसायचं, पंखा लागायचा, चहा यायचा. महाराष्ट्रात जिल्हे किती? सव्वीस. पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला किती दिवस लागतात? अहो, हे काय विचारणं झालं? शेजारच्या खोलीतून मुलगा उत्तर द्यायचा आणि बाप कौतुकानं हसायचा. एकोणीस, वीस, पुन्हा वीस. एका बँकेतल्या साहेबांना मात्र राज्यघटनेचा मसुदा कुणाच्या अध्यक्षतेखाली झाला ते आठवेना. हरिदासनं त्यांच्या कार्डावर फुली मारली. ती मारताना त्याला जरा बरं वाटलं, हे त्यानं पुढं स्वतःशी कबूल केलं.

फेब्रुवारीत एक अन्वेषक नोकरी लागून निघून गेला. त्याच्याकडं गिरणीमागची गल्ली होती.

"नियमानं आपल्याच वस्तीत पाठवत नाही मी कुणाला," सर म्हणाले. "पण माणूस नाही. जाल?"

हरिदास हो म्हणाला.

मतदारयादीतून दर दहावं नाव काढलेलं होतं. गल्लीतली चोवीस नावं, त्यातल्या बायका सोळा. गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी तो कार्डं घेऊन निघाला. पहिलं नाव केसरबाईचं. चाळिशीची बाई, पारूबाईच्याच खात्यात, तिच्या शेजारच्या चरख्यावर. नवऱ्याला दम्यानं घरी बसवलेलं. केसरबाई दारात ज्वारी निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पुसले, आणि शाळेतल्या पोरीसारखी ताठ बसली.

घटनेचा प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत तिनं उत्तर दिलं. "बाबासाहेबांनी. ह्ये काय इचारायचं झालं व्हय?"

पंतप्रधानांचं नाव तिला ठाऊक होतं. डासांनी हिवताप येतो हेही ठाऊक होतं. तिथून पुढं फुल्या सुरू झाल्या. जिल्हे किती? न्हाई म्हाईत. मत द्यायला वय किती लागतं? न्हाई. भीमा नदी कुठून निघते? ती जरा विचारात पडली. "नदी निगती व्हय कुटनं? मला वाटलं असतीच."

"माणूस चंद्रावर कधी गेला?" हरिदासनं वाचलं.

केसरबाईचे हात मांडीवरच थांबले. "चंद्रावर? मानूस?"

"व्हय."

"कवा?"

"तेच विचारलंय मावशी."

"आरं पर, खरंच गेला? जाऊन काय केलं? माघारी आला का तितंच ऱ्हायला?" तिनं आत नवऱ्याकडं पाहिलं, मग गल्लीत पाहिलं. "एवढी मोटी गोष्ट झाली आन मला कुनी सांगितलं न्हाई."

तक्रार नव्हती त्या आवाजात. वाईट वाटलं होतं तिला, घरातलं लग्न होऊन गेलं आणि आपल्याला बोलावणंच आलं नाही, तसं. हरिदासला कार्ड पुढं वाचता येईना. सहा वर्षं होत आली होती त्या गोष्टीला. तो स्वतः तेव्हा अकरावीत होता, वर्गात गुरुजींनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं. संध्याकाळी तो याच गल्लीत परत आला होता, आणि त्यानंही कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही.

त्यानं पेन खाली ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली.

चंद्राचं सांगितलं. मग जिल्ह्यांचं, मग भीमेचं, भीमाशंकरच्या डोंगरापासून पंढरपूरवरून पुढं कर्नाटकापर्यंत. ऐकायला शेजारच्या बाया आल्या. कुणी धुण्याचा पिळा हातात घेऊनच उभी राहिली. केसरबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता पुना इचार की."

त्यानं पुन्हा विचारलं. तिनं वीसच्या वीस सांगितली.

आता काय करायचं? हिला येत नाही असं लिहायचं? आता तर येतंय. हरिदासनं आधीचं कार्ड फाडलं, नवं घेतलं, आणि वीस बरोबरच्या खुणा केल्या. पहिली खूण करताना हात जड झाला, विसावी करताना हलका.

दुपारपर्यंत गल्लीत दुसरा विषय राहिला नाही. तो ज्या घरी जाईल तिथं उत्तरं त्याच्या आधी पोचलेली. जिथं नव्हती तिथं त्यानं सांगितली, आणि मग विचारलं. माणसं हसत होती, एकमेकांना चुकवत होती, पुन्हा बरोबर करत होती. कित्येक वर्षांत गल्ली इतकी खुशीत त्यानं पाहिली नव्हती. शेवटचं नाव त्याच्या आईचं होतं. पारूबाईनं भाकरी थापता थापता वीस उत्तरं दिली, एकही न अडखळता. तिनं भिंतीआडून सगळं ऐकलं होतं.

"पास झाले का रं मी?" तिनं विचारलं.

"झालीस," तो म्हणाला. पण तिच्याकडं बघून त्याला ते म्हणता आलं नाही.

*

जूनमध्ये अहवाल तयार झाला. संस्थेच्या सभागृहात वीरभद्रप्पा सरांनी तो वाचला. पाहुणे होते, दोन अधिकारी होते. कॉलनी पहिली आली याचं कुणालाच नवल नव्हतं. मग सर थांबले, त्यांनी चष्मा पुसला.

"दुसऱ्या क्रमांकावर गिरणीमागची बौद्ध वस्ती आहे. व्यापारी पेठेच्याही वर. निम्म्याहून जास्त लोक निरक्षर, मिळकत सगळ्यांत कमी, आणि तरीही सरासरी एकोणीस. शिक्षणाची ओढ हा घटक बाकी सगळ्या घटकांवर कशी मात करतो, याचं हे उदाहरण आहे."

त्यावर त्यांनी अहवालात दीड पान लिहिलं होतं. मनापासून लिहिलं होतं. मग ते म्हणाले, "या वस्तीतलेच आपले एक अन्वेषक इथं आहेत. शिवशरण, उभे राहा."

हरिदास उभा राहिला. टाळ्या झाल्या. पुढच्या ओळीतून हेमावती मागं वळून बघत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. बाहेर पडताना तिनं त्याला गाठलं.

"माझ्या वस्तीत सरासरी चार आली," ती म्हणाली. "मलाही विचारत होते, शिवशरण. कानडीत विचारत होते, अक्का, मग खरं काय ते सांग तरी. मी नाही सांगितलं. घरी आल्यावर घास उतरत नव्हता."

तिला सगळं कळलंय, हे त्याला कळलं.

ऑगस्टमध्ये केसरबाई कामावरून सुटून तडक त्याच्या दारात आली. डोक्याला सुताची पिंज तशीच चिकटलेली.

"अक्कलकोट नाक्याला बायकांची शाळा निगाली म्हनं. मराठी लिवायला वाचायला शिकिवत्यात. पाटी-पुस्तक बी देत्यात. शहरात चार ठिकानी निगाली. आपल्यात का न्हाय रं?"

हरिदासला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संस्थेत गेल्यावर समजलं. ज्या चार वस्त्यांची सरासरी सगळ्यांत कमी, त्या चार वस्त्यांत प्रौढ शिक्षणाची केंद्रं मंजूर झाली होती. सर्वेक्षण मुळात त्यासाठीच होतं. अन्वेषकांना ते मुद्दाम सांगितलं नव्हतं.

तो सरांच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. फाडलेलं कार्ड, सांगितलेली उत्तरं, खुणा.

"आम्हाला आधी कळलं असतं, सर, की कमी आलं तर शाळा मिळणार..."

"तर तुम्ही सगळ्यांना शून्य लिहिलं असतं," सर म्हणाले. "म्हणून तर सांगितलं नव्हतं."

तसं झालंच असतं.

सर तसे न्यायी माणूस. ते म्हणाले, फेरतपासणी करू. हेमावतीला त्यांनी गल्लीत पाठवलं, दहा घरं निवडून. ती दोन दिवसांनी परत आली आणि दहा कार्डं टेबलावर ठेवली.

"वीसपैकी वीस, सर. नऊ जणींना. एकीचं एक चुकलं."

"सहा महिन्यांनी?"

"हो. एका बाईनं तर मलाच विचारलं, चंद्रावर पुन्हा कुणी गेलं का."

सरांनी कार्डं उलटीपालटी करून पाहिली. "शिवशरण म्हणतात आकडा खोटा आहे. कार्ड म्हणतं खरा आहे. मी वर काय कळवू?"

"त्यांना वाचता येत नाही, सर," हरिदास म्हणाला. "एस. टी.ची पाटी वाचता येत नाही. पगाराला अंगठा उठवतात."

"वीस प्रश्नांत ते मी घेतलंच नव्हतं," सर हळू आवाजात म्हणाले.

अहवाल पुण्याला जाऊन छापून आला होता. दिवस आणीबाणीचे होते, कुठल्याच कचेरीत कुणी आपली चूक लेखी द्यायला तयार नव्हतं. दीड पान जिथं होतं तिथंच राहिलं. पुढच्या सर्वेक्षणाच्या यादीत हरिदासचं नाव नव्हतं.

*

गल्लीला हे सांगणं त्याला सगळ्यांत अवघड गेलं. शनिवारी संध्याकाळी बाया नळावर जमल्या होत्या, तिथंच त्यानं सांगितलं. आपल्याला जास्त मार्क पडले म्हणून शाळा मिळाली नाही. ते मार्क मी दिले.

कुणाला ते नीट कळलं, कुणाला नाही. एक म्हातारी म्हणाली, "हुशार निगालो म्हनून सजा व्हय?" आणि दोघी-तिघी हसल्या. पारूबाई हसली नाही. तिनं घागर उचलली आणि घरी गेली. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "तू फुल्या मारल्या असत्यास तर मला काय वाईट वाटलं नसतं, हरी. मला ठावं हुतं की मला येत न्हाय."

केसरबाई मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिनं दार ओढून घेतलं आणि खाली बसली.

"माझ्या गोजाची पत्रं तू वाचून दावतोस. काय असतंय त्यात?"

गोजा तिची लेक. दोन वर्षांपूर्वी माळशिरस तालुक्यातल्या एका गावात दिलेली. चौथीपर्यंत शिकलेली. दर महिन्या-दीड महिन्याला तिचं पत्र यायचं.

"मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवा," हरिदास म्हणाला. "तेच असतं दर वेळी."

"दर बारीला तेच. आन मागल्या दिवाळीला आली तर गळ्याची हाडं दिसत हुती. इचारलं तर बोलंना, सोबत नवरा हुता." केसरबाई थांबली. "ती लिवत न्हाई हरिदास, कारन तू वाचतोस. परक्या पुरुषानं वाचायचं, म्हंजी पोरगी काय लिवनार? लिवलं एकादं मनातलं तर गल्लीभर हुईल, ह्ये तिला म्हाईत हाय. मला वाचता याया पायजे. तिला ठावं झालं पायजे की आई सोता वाचती. तवा ती खरं लिवंल."

हरिदासला वाटायचं, पत्रं वाचून देणं हे आपलं गल्लीवरचं उपकाराचं काम. त्या दिवशी ते ओझं उलट्या बाजूनं त्याच्या अंगावर आलं.

त्यानं स्वतःच शिकवायचं ठरवलं. गल्लीतल्या समाजमंदिरात रोज संध्याकाळी एक तास. पहिल्या दिवशी एकोणीस जणी आल्या. सहा दिवसांत बारा झाल्या, महिन्यानं पाच. त्यात त्यांचा दोष नव्हता. दहा तास उभं राहून आल्यावर चूल, पाणी, पोरं. वीस उत्तरं एका दुपारी ऐकून पाठ होतात, बाराखडी तशी होत नाही. 'क' आणि 'फ' यांच्यात रोज भांडण. एकीला डोळ्यांनी बारीक दिसत नव्हतं, ते तिसऱ्या महिन्यात समजलं. पारूबाई चार दिवस आली आणि थांबली. "माजी बोटं सुताला वळत्यात, पेनला न्हाय," म्हणाली. हरिदासनं हट्ट केला, रागावला, एकदा तर मोठ्यानं बोलला. त्यानंतर त्यानं विषय काढला नाही.

शहात्तरच्या उन्हाळ्यात त्याला पंढरपूरला कचेरीत कारकुनाची जागा मिळाली. तोपर्यंत वर्गात तिघी उरल्या होत्या. तो गेला आणि वर्ग बंद झाला. दर पंधरवड्याला तो घरी यायचा, तेव्हा केसरबाई पाटी घेऊन यायची, एकटीच. मग हेमावतीनं, जी आता अक्कलकोट नाक्याच्या केंद्रात शिकवत होती, तिला तिकडं येऊन बसायला सांगितलं. हजेरीपटावर दुसऱ्या वस्तीचं नाव चालत नव्हतं. हेमावती तिचं नाव लिहायचीच नाही. केसरबाई सुट्टीच्या दिवशी गिरणीपासून नाक्यापर्यंत चालत जायची, भिंतीला टेकून बसायची, आणि तपासणीला कुणी आलं की पाणी भरायला आल्यासारखी उठून बाहेर जायची.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये निवडणूक झाली, सरकार बदललं. हरिदास घरी आला होता. पारूबाईनं त्याला ताट वाढलं आणि जरा काळजीनं विचारलं, "पंतप्रधान बदललं म्हनं. म्हंजी त्ये एक उत्तर चुकलं आता. बाकीची एकोनीस हायत का तशीच?"

"हायत," तो म्हणाला.

"काय बदललं तर सांगत जा."

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला केसरबाईनं लेकीला पत्र लिहिलं. पोस्टकार्डावर, मोठ्या वाकड्या अक्षरांत. हरिदासला तिनं फक्त पत्ता बरोबर आहे का तेवढं दाखवलं, पण मजकूर झाकायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. चार शब्द होते. गोजा, मी वाचते. आई.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. आंतरदेशीय पत्र होतं, सगळ्या बाजूंनी भरलेलं. पोस्टमननं ते शनिवारी सवयीनं हरिदासच्या दारात आणून टाकलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, हरिदास घरी आला होता. त्यानं ते केसरबाईकडं नेऊन दिलं आणि तिथंच उभा राहिला. ती दारात बसली. ओठ हलवत, बोट अक्षराखाली सरकवत वाचायला लागली. एका ओळीला पाच-पाच मिनिटं. मध्ये दोनदा ती अडली, तेव्हा तो पुढं वाकला, पण तिनं पत्र छातीशी धरलं आणि मान हलवली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. भाजी करपल्याचा वास आला तरी उठली नाही.

वाचून झाल्यावर तिनं पत्राची घडी घातली, पोलक्यात ठेवली. नवऱ्याला आत जाऊन काहीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती गिरणीत गेली नाही. पहाटेच्या गाडीनं माळशिरसला गेली, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गोजाला घेऊन आली. गोजाच्या हातात एक कापडी पिशवी होती, बाकी काही नव्हतं. ती चालताना एक पाय जपत होती.

पुढच्या खेपेला हरिदास घरी आला तेव्हा गोजा दारात बसून आईच्या जागी ज्वारी निवडत होती. तिनं त्याच्याकडं वर पाहिलं नाही. त्यानं केसरबाईला बाजूला बोलावलं.

"मावशी, काय लिहिलं होतं पत्रात?"

केसरबाईनं त्याच्याकडं पाहिलं. राग नव्हता, पण दार उघडंही नव्हतं.

"माजं पत्र हुतं त्ये," ती म्हणाली. "चा घेतोस का?"

त्यानं चहा घेतला. गोजानंच आणून दिला. कप घेताना तिच्या मनगटावरच्या व्रणाकडं त्याचं लक्ष गेलं, आणि त्यानं नजर दुसरीकडं वळवली.